गिरणीमागचे चाळीस किलोमीटर

ता. ६ एप्रिल, सोमवार

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, मी शेण खाल्लंय. म्हणून वरच्या वि. वि. मधली विशेष विनंती पहिल्यांदा सांगतो: करंडी उघडू नकोस. आज बसच्या ड्रायव्हरनं तुझ्या खोलीवर कबुतरांची जी सात पिल्लं आणून दिली असतील त्यांना दाणा दे, पाणी दे, हवं तर तुमच्या हॉस्पिटलातलं टॉनिक पाज. पण काकांनी सांगितलंय म्हणून गुरुवारी सकाळी ती गच्चीवरून सोडू नकोस. सोडलीस तर ती घरी येणार नाहीत. हे फक्त मला माहीत आहे. कसं माहीत आहे ते लिहायची लाज वाटतेय, पण लिहितो.

तू नर्स होऊन तिकडे गेलीस तेव्हा काकांकडे जुनी चार जोडपीच होती, त्यामुळे पिल्लं कशी तयार करतात ते तू पाहिलेलं नाहीस. पिल्लू महिन्याचं झालं की त्याला आधी घर शिकवायचं. ढाबळीच्या फळीवर बसवायचं, आजूबाजूची छपरं बघू द्यायची. मग डबा खुळखुळवायचा, काकांची ती दोन सुरांची शिट्टी वाजवायची आणि आत दाणा टाकायचा. दारात सळया लोंबतात, त्या ढकलून आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. उपाशी पोट, डबा, शिट्टी, दाणा. आठ दिवसांत पिल्लाला हा धडा पाठ होतो, आणि मला शाळेच्या आठ वर्षांत एक झाला नाही. मग करंडीत घालून एक किलोमीटरवर न्यायचं आणि सोडायचं. मग दोन, पाच, दहा, वीस, चाळीस. प्रत्येक अंतर तीनदा, दर वेळी वेगळ्या दिशेनं. काका म्हणतात, पिल्लाच्या डोक्यात नकाशा एकदम उघडत नाही, घडीघडीनं उघडतो, म्हणून मधली एकही घडी गाळायची नाही.

मी गाळल्या. पाचपर्यंत इमानदारीत केलं. दहाच्या पहिल्या दिवशी सायकलची चेन पडली ती नेमकी पिठाच्या गिरणीपाशी. गिरणीमागच्या अंगणात हमाल पत्ते खेळत बसले होते आणि त्यांना एक भिडू कमी होता. आता सांग, माझ्यासारख्याला देवानं गिरणीपाशीच का पाडावं?

काकांनी सांगितलं होतं की सातला सोड, मी गच्चीवर घड्याळ घेऊन बसतो. दहा किलोमीटर यायला पिल्लाला दहा-अकरा मिनिटं लागतात. गिरणीपासून घर दोन मिनिटं. मी सात वाजून आठ मिनिटांनी करंडी उघडली. गणितात नापास झालेला मी, पण हे गणित एकदाही चुकलं नाही. वीसच्या दिवशी अठरा मिनिटं थांबून सोडली, चाळीसच्या दिवशी छत्तीस. एकदा मुद्दाम चार मिनिटं उशीर केला आणि काकांना सांगितलं की वारा समोरचा होता. काकांनी ते वहीत लिहून घेतलं! येताना सायकलच्या चाकांना गिरणीच्या नळाखालचा चिखल लावून यायचो. पिल्लं करंडीत घुमायला लागली की हमाल सांडलेले गहू डब्यात भरून ठेवतात ते टाकायचो. म्हणजे उपाशी सोडायची हा नियमही मी गिरणीतच दळला.

मला वाटलं होतं की तुझ्याकडे पाठवायच्या आधी काहीतरी युक्ती काढीन. पण आज मी झोपेत असताना काका स्वतःच बसस्टँडवर जाऊन करंडी देऊन आले. एकशे वीस किलोमीटर! तुझ्या हॉस्पिटलला फोन लावला. गेल्या वर्षी मी मंत्र्याचा सेक्रेटरी बनून तुला बोलावून घेतलं होतं ना, तो माझा आवाज त्या फोनवरच्या बाईंना अजून पाठ आहे. कोण हवंय विचारलं, मी म्हटलं कबुतरांबद्दल आहे, त्यांनी ठेवून दिला. दुसऱ्यांदा तर मी नुसता श्वास घेतला आणि ठेवला. म्हणून हे पत्र. गुरुवारच्या आत पोचावं.

काकांना काही कळवू नकोस. करंडी परत पाठव, म्हण की पिल्लांना सर्दी झाली. होते का ग कबुतरांना सर्दी?

माझ्यावरचा लोभ आता मागत नाही, शिल्लक असेल तेवढा टाकून देऊ नकोस म्हणजे झालं.

तुझा,
भिंगऱ्या

*

ता. ९ एप्रिल, गुरुवार, सकाळ

चि. भिंगऱ्यास अनेक आशीर्वाद, आणि आज खरंच मनापासून.

सोडली रे! सातच्या ठोक्याला. नाइट ड्युटी करून आले होते, डोळे चुरचुरत होते, पण गच्चीवर गेले की झोप उडाली. वाळत घातलेल्या चादरींच्या मधोमध करंडी ठेवली आणि काकांनी लिहिलं होतं तशी आधी दहा मिनिटं त्यांना नुसतं आकाश बघू दिलं. मग झाकण काढलं. टाळ्या वाजाव्या तसा आवाज झाला आणि सगळी वर. एकटी ती राखाडी, जिला तू ढिम्मी म्हणतोस, ती बसूनच. हातानं ढकलावी लागली.

तिच्याच पायाला चिठ्ठी बांधली आहे, कारण बाकीची नुसती वळवळ करत होती. काय लिहिलंय ते तुला सांगणार नाही, शेफारशील. काका वाचतील तेव्हा कळेल. मी इकडे आल्यापासून काका एकच म्हणत होते ना, की टपालाला तीन दिवस लागतात, पाखराला दोन तास. दर रविवारी ताईचं पाखरू येईल. आज पहिलं येईल. काकांचा चेहरा बघायला मी तिथे नाही एवढंच वाईट वाटतं.

आणि हे सगळं तुझ्या जिवावर. मला वाटलं होतं, दोन दिवसांत तू कंटाळशील आणि काकांचे गुडघे सायकलवर चढतील. चाळीस किलोमीटर तीनदा! मी वॉर्डात सगळ्यांना सांगितलं की तो फोनवाला माझा भाऊ सुधारला.

तीन घिरट्या घालून पिल्लं धुराड्याच्या बाजूला गेली. मला वाटलं होतं की घर दुसऱ्या बाजूला आहे. पण त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत असणार.

दुपार

तुझं पत्र आत्ता मिळालं. पोस्टमन खाली होता तेव्हा मी झोपले होते.

काय लिहू? सकाळचा कागद फाडणार होते. फाडत नाही. तूही वाच, मी तुझ्याबद्दल काय काय लिहिलं होतं ते.

आज संध्याकाळी काका गच्चीवर असतील. तुझ्या पत्रात काकांना कळवू नको असं आहे. माझ्या पत्रात असं आहे की तूच सांग, आणि पत्र मिळाल्याच्या दिवशी सांग. मी सांगितलं तर ती चहाडी होईल. तू सांगितलंस तर निदान माणूस होशील.

ताई

*

ता. १३ एप्रिल

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडील सर्व ठीक. तिकडे तुझी तब्येत ठीक असेल अशी आशा आहे. रात्रपाळीनंतर पोटभर जेवत जा, नुसत्या चहावर राहू नकोस.

पिल्लं अजून पोचलेली नाहीत. आज चौथा दिवस. तू मनाला लावून घेशील म्हणून मुद्दाम लिहितो की सोडण्यात तुझी काही चूक नाही. आकाश स्वच्छ होतं, वेळ बरोबर होती. पोराचीही चूक नाही. त्यानं किती मेहनत घेतली ते मी वहीत मिनिटांसकट लिहून ठेवलं आहे. घड्याळजी माणूस मी, माझा त्या आकड्यांवर विश्वास आहे.

चूक कोणाची ते मला कळलं आहे. मंगळवारी डॉक्टरांनी माझे पुढचे उरलेले चार दात काढले आणि बुधवारी कवळी बसवली. गुरुवारी सकाळी गच्चीवर उभा राहून शिट्टी वाजवायला गेलो तर नुसती हवा आली. दुसरा सूर निघतच नाही, फुसफुसतो. पिल्लं जुनी शिट्टी ऐकून गेली होती. माझी खात्री आहे की ती घरावर आली असतील, डोक्यावर घिरट्या घातल्या असतील, आणि ही कोणाची परकी शिट्टी म्हणून पुढे गेली असतील. चार दिवस थांबले असते ते दात, तर काय बिघडत होतं? पण दुखत होते, धीर धरवला नाही.

ज्याची शिट्टी त्याच्या पाखरांना ओळखू येत नाही, त्यानं पाखरं ठेवू नयेत. पाववाल्याला कबुतरांची हौस आहे, त्याला विचारलं. एक तारखेला येऊन तो जुनी जोडपी आणि ढाबळ, सगळंच घेऊन जाणार आहे. पोराला हे सांगितलेलं नाही. तो आधीच अर्धा झाला आहे. धड जेवत नाही, कोणाची खोडी काढत नाही. काल मी पाठीवर हात ठेवला तर उठूनच गेला. एवढा जीव लावला होता त्यानं पिल्लांना. तू त्याला दोन ओळी समजुतीच्या लिही.

आहे तसाच लोभ राहू दे.

तुझा काका

*

ता. १४ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं दोन मजली पत्र मिळालं. वरच्या मजल्यावर शाबासकी, खालच्या मजल्यावर जोडे. जोडे वाचताना इतकं लागलं नाही. वरचं वाचवत नाही.

सांगितलं नाही. आता तू कागद चुरगाळशील, पण आधी वाच.

सांगायलाच गच्चीवर गेलो होतो. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. काका फळीसमोर उभे होते आणि कवळी लावून शिट्टी वाजवत होते. फुस्स. मग कवळी काढून खिशात घातली, परत वाजवली. फुस्स. मग बोटं तोंडात घालून. मग कवळी उलटी पालटी करून बघितली, जशी बिघडलेल्या घड्याळाची तबकडी बघतात तशी. शेजारच्या गच्चीवरची पोरं खिदळत होती. त्यांना हसायला मीच शिकवलंय, ताई. गेल्या वर्षी काका दुकानात असताना मी त्यांची शिट्टी हुबेहूब वाजवून दुपारी बारा वाजता सगळी कबुतरं आत बोलवायचो आणि ही पोरं पोट धरून हसायची.

काकांना ते आठवलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले की तुला माझी जुनी शिट्टी येते ना, तेवढी एकदा वाजव, तू वाजवलीस तर कदाचित येतील. मी नको म्हटलं. त्यांना वाटलं मी लाजतोय. म्हणाले, मी रागावणार नाही, मला तेव्हाही माहीत होतं की तू वाजवतोस.

मग मी वाजवली. दोन्ही सूर. काका आकाशाकडे बघत राहिले, कपाळावर हात आडवा धरून. जुनी कबुतरं तेवढी सळयांतून आत गेली. काका म्हणाले की अगदी माझीच, आणि मला ऐकून बरं वाटलं.

आता तू सांग की त्यानंतर कसं सांगू. काका रोज संध्याकाळी मला वर नेतात. मी रोज वाजवतो. वर बघायचं असतं म्हणून बघतो. तिथे काही येणार नाही हे मला माहीत, आणि ते माहीत असलेलं तोंड काकांना दिसू नये म्हणून मान जास्तच वर करतो. मान दुखायला लागली आहे. गिरणीकडे गेलेलो नाही. पत्त्यांना हात लावलेला नाही.

पूर्वी मी खोडी काढली की कोणीतरी हसायचं तरी.

रागाव, पण पत्र पाठवायचं बंद करू नकोस.

भिंगऱ्या

*

ता. १७ एप्रिल

चि. भिंगऱ्यास,

आशीर्वाद देते, पण हात आखडता घेऊन.

काकांचं पत्र आलंय. त्यांनी मला तुझी समजूत काढायला सांगितली आहे. तुझी! बिचारं पोर जेवत नाही म्हणे. ते पत्र घेऊन मी वॉर्डातल्या कपड्यांच्या खोलीत जाऊन बसले, कारण बाहेर रडायला वेळ नव्हता.

तुला न सांगायची एक गोष्ट त्यात आहे, ती मी सांगतेय. एक तारखेला पाववाला येऊन सगळी कबुतरं आणि ढाबळ घेऊन जाणार आहे. काकांना वाटतं की त्यांची शिट्टी बिघडली म्हणून पिल्लं गेली. म्हणजे तू फक्त पिल्लं घालवलेली नाहीस. सुट्टीच्या दिवशी ते गच्ची सोडून जाणार कुठे, तूच सांग. गुडघे धरून दुकानातल्या स्टुलावर बसतील.

चूक माझीही आहे. पिल्लं उलट्या बाजूला जाताना मी बघितली आणि स्वतःची समजूत घातली. पण माझी चूक पाच मिनिटांची. तुझी महिनाभराची आहे, आणि ती रोज संध्याकाळी दोन सुरांत वाढतेय.

मी तीस तारखेला सुट्टी काढून येतेय. तोपर्यंत तू सांगितलं नसशील तर मी सांगणार. तुझ्यासमोर सांगणार.

जेव. उपाशी राहून कोणाचं पाप फिटलेलं मी हॉस्पिटलात तरी पाहिलं नाही.

ताई

*

ता. २१ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

ढिम्मी आली!

पण घरी नाही आली. कुठे आली असेल ओळख. नको, ओळखू नकोस, मीच सांगतो. गिरणीच्या पत्र्यावर.

काल दुपारी मी दुकानात झाडू मारत होतो. गिरणीतला म्हातारा हमाल मनगटावरचं बंद पडलेलं घड्याळ काकांना दाखवायला आला आणि जाताना माझ्या कानात म्हणाला की तुमच्यातलं एक पाखरू सकाळपासून आमच्या पत्र्यावर बसलंय, पायात कडं आहे. माझ्या हातातला झाडू पडला. काकांनी भिंगातून वर बघितलं. मी म्हटलं, पोटात दुखतंय, आणि पळालो.

ताई, ती होती. शेपटीची तीन पिसं नाहीत, ससाण्यानं ओढली असणार. छातीचं हाड हाताला लागतं. पण बसलेली कशी, ढिम्म. हमालांचा डबा वाजवला तर पत्र्यावरून घरंगळल्यासारखी खाली आली आणि गव्हावर तुटून पडली. अकरा दिवस कुठे भटकली असेल, काय खाल्लं असेल, आणि शेवटी सापडलं काय, तर ती जागा जिथे मी तिला सारखा दाणा घालायचो. घर तिथून दोन मिनिटांवर. तेवढंही उडवलं नाही तिला. माझ्या थापेवर येऊन बसली बिचारी.

पायाला तुझी चिठ्ठी होती. मी वाचली. वाचायला नको होती. तू लिहिलं होतंस: काका, भिंगऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा एक काम तडीस नेलंय, माझ्या वतीनं त्याच्या पाठीवर एक थाप मारा, जोरात नको. मी तिथेच पोत्यांवर बसलो. हमालांना वाटलं की पाखरू मेलं.

चिठ्ठी फाडून टाकावी असं वाटलं. फाडली नाही, होती तशी परत बांधली. एवढंच एक चांगलं केलं. पुढचं ऐक.

माझ्यासमोर दोन रस्ते होते. ढिम्मीला हातात घेऊन काकांसमोर उभं राहायचं आणि सगळं सांगायचं. नाहीतर दुसरा. मी दुसऱ्यानं गेलो. आपण हा जन्मच दुसऱ्या रस्त्यानं काढलाय. संध्याकाळी ढिम्मीला शर्टात घालून शेजारच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे लपलो. काका वर आले, मला दोन हाका मारल्या. मग त्यांनी एकट्यानंच डबा खुळखुळवला आणि कवळीतून ती फुसफुसती शिट्टी वाजवली. मी हात उघडले.

ती सरळ फळीवर. आणि नेहमीसारखी तिथेच बसून राहिली. काकांनी शिट्टी परत वाजवली. ती सळया ढकलून आत.

काका खाली बसले, ताई. गच्चीच्या फरशीवर, गुडघे न सांभाळता. मग उठले आणि जिन्यातून ओरडत खाली गेले की ओळखली, माझी शिट्टी ओळखली तिनं. अर्ध्या तासात सगळ्या गल्लीला कळलं. पाववाल्याकडे स्वतः चालत जाऊन सांगून आले की एक तारखेला येऊ नकोस. ढाबळ राहिली.

म्हणजे मी जे बिघडवलं ते दुरुस्त केलं ना? मग मला असं का वाटतंय की मी काकांच्या खिशातली कवळी चोरली आणि परत देऊन बक्षीस घेतलं? काल काकांनी स्वतःच्या ताटातलं मला वाढलं.

तीस तारखेला ये, पण आता काय सांगणार तू? सांगितलंस तर त्यांची शिट्टी परत बिघडेल.

लोभाचं तू ठरव. मला विचारशील तर मी नको म्हणेन.

भिंगऱ्या

*

(कार्ड)

ता. २२ एप्रिल

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

कळवण्यास आनंद होतो की राखाडी पिल्लू सोमवारी संध्याकाळी परतलं. शिट्टी ओळखून आलं. गल्लीत सर्वांना सांगितलं आहे. पाववाल्याला नको म्हणून कळवलं.

अशक्त आहे, पण जगेल. काल सकाळी अंग तपासलं. दोन्ही पंखांच्या मुळाशी पीठ होतं, गव्हाचं, बारीक दळलेलं. ओल्या फडक्यानं पुसून घेतलं.

तुझी चिठ्ठी मिळाली, मजकूर समजला. त्यात सांगितलेलं काम अजून केलेलं नाही. उद्या सकाळी पोराला बरोबर घेऊन जरा गिरणीकडे जाऊन येणार आहे. दळण काही नाही.

तुझा काका

*

ता. २५ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

सांगितलं.

गुरुवारी सकाळी काका म्हणाले की सायकल काढ, आपण पायी चालू, तू ती नुसती हातात धर, मला टेकायला लागली तर. कुठे जायचं ते सांगितलं नाही. वळणं येत गेली तसं मला कळत गेलं. त्यांचे गुडघे वाजत होते, माझी सायकल वाजत होती, बाकी कोणी काही वाजवत नव्हतं. पिठाचा वास यायला लागला तेव्हा माझे पायच थांबले. गिरणीच्या दारात जाऊन तोंडघशी पडण्यापेक्षा रस्त्यातच बोललेलं बरं, असं वाटलं. खरं म्हणजे असंही काही वाटलं नाही. तोंडातून आपोआप सुटलं.

सगळं सांगितलं. चेन, पत्ते, आठ मिनिटं, अठरा मिनिटं, छत्तीस मिनिटं, नळाखालचा चिखल, समोरचा वारा. पाण्याची टाकीसुद्धा. काका ऐकत होते, कानाला लावलेल्या घड्याळासारखं मला धरून. मधे एकदाच थांबवलं. विचारलं की म्हणजे माझ्या शिट्टीमुळे नाही ना गेली ती? मी म्हटलं नाही. परत विचारलं. मी परत नाही म्हटलं. त्यांनी डोळे मिटले आणि इतका मोठा श्वास सोडला की मला वाटलं आता संपलं, आता बरं झालं.

मग म्हणाले की सहा गेली. नुसतं एवढंच. सहा गेली.

मी वाट बघत होतो कानाखाली बसायची. मनापासून सांगतो, हवी होती. पण ते आत गिरणीमागच्या अंगणात गेले, हमालांना रामराम केला, म्हाताऱ्या हमालाला दुरुस्त झालेलं घड्याळ दिलं. मग वर बघितलं, पत्र्याकडे, मग आपल्या घराच्या बाजूला. म्हणाले, नऊ वेळा तू सोडलीस, नऊही वेळा पिल्लं गिरणीच्याच बाजूनं आली. वहीत मी तुझ्या सांगण्यावरून निरनिराळ्या दिशा लिहिल्या, आणि डोळ्यांनी एकच दिशा बघत होतो. घड्याळजी असून. मला बघायचं नव्हतं, तू बदललास असं मला वाटायला हवं होतं. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मी उभा राहिलो असतो. त्यांना स्वतःचीच लाज वाटत होती, ताई. माझ्या वाटची लाज पण त्यांनीच घेतली.

मग खिशातून तुझी चिठ्ठी काढली. म्हणाले की तुझ्या ताईनं एक काम सांगितलंय, ते राहिलंय. आणि सगळ्या हमालांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली. एक. हळूच.

तू जोरात नको असं का लिहिलंस ग? जोरात मारली असती तर बरं झालं असतं. अजून तिथे काहीतरी आहे असं वाटतं. शर्ट घालताना जाणवतं.

परतताना गल्लीच्या तोंडाशी पाववाला भेटला आणि म्हणाला की काय जादू आहे तुमच्या शिट्टीत. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाले, अहो जुना सूर आहे, पाखरू विसरत नाही. आयुष्यात ग्राहकाला पाच मिनिटं मागे असलेलं घड्याळ न देणारा माणूस, भर रस्त्यात खोटं बोलला. घरी आल्यावर जिन्यात थांबून म्हणाले की मी सगळ्यांना सांगून बसलोय, शेजारची पोरंसुद्धा आता हसत नाहीत, तेव्हा मला उघडं पाडू नकोस. मला म्हणाले ते. मला! विनंती केल्यासारखं.

जुन्या जोडप्यांची चार नवी पिल्लं महिन्याची होऊन घर शिकली आहेत. काल एकवर तीनदा नेली, आज दोनवर तीनदा. काका बरोबर येत नाहीत. मी चला म्हटलं तर म्हणाले की तुझ्या पाळतीवर राहून पाखरं तयार होत नाहीत. म्हणून दहाचा रस्ता कसा आहे ते बघायला मी आज एकटाच रिकामी करंडी घेऊन जाऊन आलो. दहा किलोमीटर किती लांब असतात ग! मधे एक चढ आहे, त्याचा मला पत्ताच नव्हता. तिथे उभं राहून बघितलं तर आपली गच्ची, गिरणी, काहीच दिसत नाही. नुसतं आकाश. आणि तुझ्या गच्चीवरून त्या सहाजणांना हेच दिसलं असणार.

तीस तारखेला तू येशील तेव्हा काका तुला गच्चीवर नेतील आणि शिट्टी वाजवतील. ढिम्मी फळीवर येईल. तू टाळ्या वाजव. चेहऱ्यावर काही दाखवू नकोस, नर्स आहेस, जमेल तुला.

तुझा लोभ काकांवर दुप्पट कर, माझ्या वाटचा त्यातच घाल.

तुझा,
भिंगऱ्या

ता. क. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की काकांना कळवू नकोस. ते माझ्या कातडीसाठी होतं, ते विसर. मी लबाड आहे हे हवं त्याला सांग, वॉर्डात सांग, त्या फोनवरच्या बाईंना सांग. पण ढिम्मी शिट्टी ऐकून आली नाही, हे कुणाला म्हणजे कुणालाही सांगू नकोस. तुझ्या पाया पडतो, ताई. हे पत्र वाचलंस की जाळून टाक, आणि कुणाला सांगू नकोस.